फाईल कोणी धरायची? कॅन्सर झालेल्या घरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे आप्पा निपाणीकडच्या एका खेड्यातले. सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं आणि तंबाखूची चिमूटही कायम गालात राहिली. गालाच्या आतली जखम दोन महिने झाले तरी भरेना, तेव्हा मी त्यांना बेळगावला आणलं. तिथून पुढे पावणेतीन वर्षं त्यांची फाईल माझ्या पिशवीत होती. ते गेल्यानंतरही फोन येत राहिले: संकेश्वरच्या काकी, खानापूरचे एक मास्तर, चिकोडीत भाड्यानं राहणारं एक नवीन जोडपं. प्रत्येकाचे प्रश्न थोड्याफार फरकानं तेच. म्हणून इथे लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण दवाखान्याच्या पायऱ्या चढून जे कळलं ते सांगण्यासारखं आहे.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आलाय. आता सगळ्यात आधी काय करू?

एक जाड फाईल विकत घ्या आणि ती घरातल्या एकाच माणसाकडे द्या. हे मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगते. आज मोठा भाऊ गेला, उद्या जावई, परवा शेजारचे अण्णा असं झालं की डॉक्टर काय बोलले ते कोणालाच धड कळत नाही. फाईल धरणारा फार शिकलेला असायला हवा असं नाही. नेमानं हजर राहणारा आणि न लाजता पुन्हा विचारणारा असला की पुरे.

फाईलमध्ये बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा) रिपोर्ट, स्कॅनच्या सीडी आणि फिल्म, रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, आधार आणि रेशन कार्डाच्या चार-चार झेरॉक्स ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये. बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, ते तुमचे असतात. दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात गेलात तर तिथले लोक तेच पुन्हा तपासतात. नसले तर कधीकधी बायोप्सी परत करावी लागते. आम्ही हे मागितलं नाही, कोणी सांगितलंही नाही, आणि आप्पांच्या गालाला दुसऱ्यांदा चिमटा बसला. ते मला अजून लागतं.

एक वहीही ठेवा. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्या: कुठला कॅन्सर, कितवी स्टेज, उपचार पूर्ण बरं करण्यासाठी आहे की त्रास आटोक्यात ठेवण्यासाठी, किती महिने चालेल, एकूण खर्च अंदाजे किती, शासनाच्या योजनेत बसेल का. तपासण्यांना आठ-पंधरा दिवस जातात, त्यात घाबरू नका. पण 'सुगी झाल्यावर बघू' असं मात्र करू नका.

बायोप्सी केल्यानं, गाठीला सुई लावल्यानं कॅन्सर अंगभर पसरतो म्हणतात. खरं का?

नाही. या भीतीनं लोक महिनोन्‌महिने थांबतात आणि त्या काळात गाठ वाढते. मग पसरलेला दिसला की दोष सुईला देतात. बायोप्सीशिवाय कुठला उपचार द्यायचा हेच ठरत नाही.

आमच्या भागातून नेमकं कुठे न्यायचं? बेळगाव, हुबळी, मिरज की थेट मुंबई?

कॅन्सरचा उपचार एका दिवसाचा नसतो. रेडिएशन म्हणजे शेक आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे. केमो, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारं औषध, दोन-तीन आठवड्यांनी एकदा, असं काही महिने. त्यामुळे जिथे शेवटपर्यंत जाऊ शकाल असं ठिकाण निवडा. मला कोणी एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन. अर्ध्यात सुटलेला उपचार मी फार पाहिला आहे. गाठ दिसेनाशी झाली, पैसे संपले, ऊसतोड आली, गावची जत्रा आली, आणि माणूस परत गेलाच नाही.

बेळगावात केएलई संस्थेचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये केएलईनंच वेगळं कॅन्सर हॉस्पिटलही सुरू केलं. सरकारी म्हणजे बिम्स, म्हणजे आपला सिव्हिल. तिथे तपासणी होते आणि पुढच्या योजनेसाठी लागणारं पत्रही मिळतं. हुबळीत नवनगरला कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. बंगळुरूला किडवाई, हे राज्य सरकारचं मोठं कॅन्सर रुग्णालय. निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणीकडच्यांना मिरज आणि कोल्हापूर जवळ पडतं. मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला कॅन्सर सेंटर आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचे लोक चोर्ला घाट उतरून गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जातात. तिथे गोव्याबाहेरच्यांना शुल्क भरावं लागतं, हे धरून चाला. कारवारकडच्यांनाही गोवा किंवा हुबळी. बिदर, भालकी, बसवकल्याणच्या मराठी माणसांना कलबुर्गीचं किडवाईचं केंद्र किंवा बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल सोयीचं.

मुंबईचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे आणि तिथला सल्ला मोलाचा, यात शंका नाही. पण सगळा उपचार तिथेच घ्यायला हवा असं मुळीच नाही. टाटामध्ये एकदा दाखवून उपचाराचा आराखडा लिहून आणायचा आणि केमो, शेक बेळगाव किंवा मिरजेत घ्यायचा, असं पुष्कळ जण करतात. टाटाचे डॉक्टरही कित्येकदा हेच सुचवतात. टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं) इथल्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून कागद पाठवूनही मिळतं. रक्ताचा कॅन्सर, हाडांचा कॅन्सर, लहान मुलांचा कॅन्सर, किंवा क्वचित आढळणारा प्रकार असेल तर मात्र मोठ्या केंद्राचं मत घ्याच.

पैसे कुठून आणायचे? शेत विकायला काढलंय.

थांबा. शेताचा व्यवहार करण्याआधी तीन जागी विचारा, मग ठरवा.

पहिली जागा म्हणजे आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना. बीपीएल रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. नियम असा की आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं. तिथे तो उपचार होत नसेल तर तिथले डॉक्टर योजनेतल्या दुसऱ्या रुग्णालयाला रेफरल लिहून देतात. लोक इथेच चुकतात. थेट खाजगीत भरती होतात, अॅडव्हान्स भरतात आणि मग योजनेचं विचारतात. भरती होण्याच्या आधी विचारा. योजनेचं कार्ड ग्राम वन किंवा बेळगाव वन या सरकारी सेवा केंद्रांत निघतं. दवाखान्यात गेल्यावर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेसाठी नेमलेल्या मदतनीसाचा, काउंटर शोधा आणि त्याच्याकडून लिहून घ्या की कुठली ऑपरेशनं, कुठली औषधं योजनेत आहेत आणि कुठली बाहेरून आणावी लागतील. माहितीसाठी कर्नाटकात १०४ ला फोन करता येतो, केंद्राच्या योजनेसाठी १४५५५.

दुसरी जागा तुमचा आमदार आणि खासदार. मुख्यमंत्री मदत निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी त्यांच्या कार्यालयातून अर्ज जातो. दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लेटरहेडवर, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि रिपोर्ट लागतात. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढून ठेवा, तो सगळीकडे लागतो. पैसा रुग्णालयाच्या नावानं येतो, तुमच्या हातात नाही. म्हणून बिल भरून झाल्यावर केलेल्या अर्जाचा उपयोग फार कमी.

तिसरी जागा दवाखान्यातला समाजसेवा विभाग. मेडिकल सोशल वर्कर म्हणतात त्यांना. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत हे असतात आणि कुठला ट्रस्ट कुठल्या आजाराला मदत करतो हे त्यांना पाठ असतं. इंडियन कॅन्सर सोसायटीचा कॅन्सर क्युअर फंड अशाच संलग्न रुग्णालयांतून, बरं होण्याची चांगली शक्यता असलेल्या गरीब रुग्णांना मदत देतो.

निपाणी भागासाठी खास सांगते. घरात कोणी विडी वळत असेल आणि विडी कामगार ओळखपत्र असेल तर केंद्राच्या विडी कामगार कल्याण निधीतून कॅन्सरच्या उपचाराचा खर्च परत मिळण्याची तरतूद आहे, घरच्या अवलंबून असलेल्यांनाही. कामगार कल्याण विभागाच्या दवाखान्यात आधी विचारून घ्या. आमच्या गल्लीत अर्ध्या बायका विडी वळायच्या आणि हे एकीलाही ठाऊक नव्हतं.

सावकाराकडे मात्र जाऊ नका. सोसायटी, बँकेतलं सोनेतारण किंवा संघाचं कर्ज त्यापेक्षा बरं.

महाराष्ट्राची महात्मा फुले योजना सीमाभागातल्या मराठी माणसाला मिळते का?

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ही मोफत उपचाराची योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावर कर्नाटक सरकारनं हरकतही घेतली. हा वाद आपल्या जिवाचा असला तरी रुग्णाला थांबता येत नाही. मिरज किंवा कोल्हापूरच्या दवाखान्यात जाण्याआधी तिथल्या महात्मा फुले योजनेच्या काउंटरला फोन करून तुमच्या गावाचं नाव सांगा आणि कुठले कागद लागतील ते विचारा. हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले तर कर्नाटकाचं कार्ड हाताशी असू द्या. दोन्हीकडच्या आशेवर महिना घालवू नका.

आईला कन्नड येत नाही. नर्स बोलतात ते तिला कळत नाही आणि ती सगळ्याला मान हलवते.

हे फार घडतं, आणि मान हलवणं धोक्याचं आहे. बेळगावात बहुतेक ठिकाणी मराठी जाणणारं कोणीतरी भेटतं. हुबळी, बंगळुरूला तसं नाही. घरातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलाला सोबत न्या. आमच्या सीमाभागात प्रत्येक घरात असं एक लेकरू असतंच. पण मुलगा लहान असेल तर वाईट बातमी त्याच्या तोंडून आईला सांगायला लावू नका, त्याचं ओझं त्याला आयुष्यभर राहतं. त्या वेळी मोठ्या माणसाला बोलवा किंवा ओळखीच्या कोणाला फोनवर घ्या.

आईला पाच-सहा शब्द शिकवून ठेवा: नोवु म्हणजे दुखणं, ज्वर म्हणजे ताप, वांती म्हणजे उलटी, सुस्तु म्हणजे थकवा, मात्रे म्हणजे गोळी. रात्री नर्सला एवढं सांगता आलं तरी पुष्कळ होतं. संमतीपत्रावर न समजता सही किंवा अंगठा देऊ नका. 'मराठीत समजावून सांगा' असं म्हणण्यात काही उद्धटपणा नाही. तो रुग्णाचा हक्क आहे.

जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च कमी कसा करायचा?

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना सवलत आहे. स्लीपर आणि थ्री-टायर एसीमध्ये रुग्णाचं तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सूट. दवाखान्याच्या डॉक्टरांकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह घ्या आणि स्टेशनच्या काउंटरवर दाखवून तिकीट काढा. बेळगावहून दादरला जाणाऱ्या गाड्या आहेत, दादर उतरलं की टाटाचं परळ जवळ. हुबळीला जाणाऱ्या बायकांना, आधार कार्डावर कर्नाटकचा पत्ता असेल तर, शक्ती योजनेत साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही. म्हणून रोजच्या शेकाला सोबत बाईमाणूस असेल तर खर्च निम्मा होतो. मिरज-कोल्हापूरला ती सवलत धरू नका.

मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. जागा मिळेलच असं नाही, म्हणून टाटाच्या समाजसेवा विभागातून पत्र घेऊन लगेच नाव नोंदवा. लहान मुलाचा उपचार असेल तर सेंट ज्यूड केंद्रात मूल आणि आईवडील यांची विनामूल्य राहण्याची सोय असते.

आजोबांना कॅन्सर आहे हे सांगायचं का? ते खचतील अशी भीती वाटते.

आप्पांच्या वेळी एका दवाखान्यात आम्हाला बाजूला नेऊन सांगितलं, 'पेशंटला बोलू नका.' आम्ही बोललो नाही. घरी 'दाताचं इन्फेक्शन' म्हटलं. तीन आठवडे आई मोरीत पाणी सोडून रडायची. आप्पा विचारायचे, दाताला एवढे स्कॅन कशाला? मग एका संध्याकाळी ते उंबऱ्यावर बसून म्हणाले, 'बाळ, वखारीतली माझ्याबरोबरची दोन माणसं यातच गेली. मला काय झालंय ते मला ठाऊक आहे. तुम्ही का लपवताय तेवढं कळत नाही.' त्या तीन आठवड्यांत ते एकटे होते. आमच्या घरात बसून एकटे.

म्हणून मी सांगा म्हणते. पण एका दमात सगळं नाही. आधी विचारा, 'तुम्हाला काय वाटतंय काय झालंय?' बहुतेक वेळा अर्धं त्यांनाच ठाऊक असतं. 'डॉक्टरांकडून सगळं ऐकायचंय की आम्ही बघून घेऊ?' हेही विचारा. कोणी म्हणतं, मला आकडे नकोत, तुम्ही बघा. तोही त्यांचा निर्णय, तो पाळा. खोटं मात्र बोलू नका, कारण केमोच्या खोलीत शेजारच्या खाटेवरचा माणूस सांगतोच.

आणि आशा ठेवायला जागा असेल तर तीही नेमकी सांगा. स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा, तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर पुष्कळ जण बरे होऊन वर्षानुवर्षं जगतात. लहान मुलांतला रक्ताचा कॅन्सरही योग्य उपचारानं बऱ्याचदा पूर्ण बरा होतो, त्याला दोन-तीन वर्षं सलग उपचार लागतो एवढंच.

ताट-वाटी वेगळी ठेवायची का? लेकरांना जवळ जाऊ द्यायचं का?

कॅन्सर स्पर्शानं, उष्ट्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं होत नाही. लेकरांना मांडीवर घ्या. बाहेरून दिलेल्या शेकानंही रुग्णाच्या अंगात किरणं राहत नाहीत. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना तेवढं लांब ठेवा, ते रुग्णाच्या भल्यासाठी.

केमो घेऊन घरी आल्यावर काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी थर्मामीटर घ्या. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. त्या दिवसांत १००.४ अंशांच्या वर ताप गेला, थंडी वाजून आली, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्याला फोन करा, १०८ बोलवा. आजूबाजूचे म्हणतील, 'केमोचा ताप आहे, उतरेल.' ऐकू नका. या एका तापानं माणूस दोन दिवसांत जाऊ शकतो आणि वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर चार दिवसांत उठून बसतो.

पाणी उकळून गार केलेलं. कच्ची कोशिंबीर, गाड्यावरचं, कापून ठेवलेलं फळ त्या दिवसांत नको. ताजं, गरम, घरचं काहीही चालतं. पथ्याच्या नावाखाली दूध, अंडी, डाळ बंद करणाऱ्यांना मला हात जोडून सांगावंसं वाटतं, रुग्णाला प्रथिनं हवी असतात. मुगाचं वरण आणि मऊ भात, अंड्याची भुर्जी, नाचणीची आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी, घट्ट वरणात घातलेलं तूप. खात असतील तर मासे, चिकनचा रस्सा कमी तिखटाचा. तीन वेळा पोटभर जेवण जात नाही, तर सहा वेळा थोडं थोडं द्या. मळमळ होत असेल तर फोडणीच्या वेळी रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा. हे छोटं वाटतं, पण आमच्या एका ओळखीच्या वैनींचं जेवण एवढ्यानं सुरू झालं.

केस जातात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. तरी पहिल्यांदा उशीवर केसांचा पुंजका दिसतो तेव्हा बाई कोसळते. तिला 'केसच तर आहेत' असं म्हणू नका. आधीच केस बारीक कापून घेतले, एक मऊ सुती रुमाल आणून ठेवला तर थोडं सोपं जातं.

तोंडाचा आणि घशाचा शेक चालू आहे. गिळताच येत नाही.

शेक सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्यायला हवं. किडलेले दात आधीच काढतात. शेकानंतर दात काढणं जबड्याच्या हाडाला धोक्याचं असतं, त्यामुळे पुढे कधीही दात काढायची वेळ आली तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भरायच्या, गिळायचं नाही. तिखट, लोणचं, गरमागरम चहा बंद. गालाच्या कातडीवर हळद, खोबरेल, बाम काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करायचा. आप्पा आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायचे आणि दर आठवड्याला एक काडी वाढली की नातवाला दाखवायचे.

नाकातून नळी घातली तर ती शेवटाची खूण समजू नका. ती वजन टिकवायला असते आणि बऱ्याच जणांची नंतर निघते. भरवताना बसतं करा, नंतर किमान अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. भरवण्याआधी आणि नंतर स्वच्छ पाणी नळीतून सोडा. पातळ खीर, वरणाचं पाणी, ताक, आंबील दोनदा गाळून. नळी बाहेर सरकली असेल तर काही देऊ नका, दवाखाना गाठा.

आणि तंबाखू, गुटखा, मिश्री आता तरी बंद. बायकांनो, मिश्री दात घासायची पूड नाही, तंबाखूच आहे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

गावात एक जण झाडपाल्यानं कॅन्सर बरा करतो. पाच हजारांत. नेऊ का?

केमो सोडून नेऊ नका. केमोबरोबर काही देणार असाल तर डॉक्टरांना सांगूनच द्या, कारण मुळ्या आणि भस्मांनी यकृत, किडनीवर ताण आला की पुढचा केमो लांबतो. नवसाबद्दल मी काही बोलणार नाही, आईनंही सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलला होता आणि त्यानं तिला रात्री झोप लागायची. फक्त पौर्णिमेच्या गर्दीत पेशी कमी असलेल्या रुग्णाला नेऊ नका. ओटी घरच्यांनी भरून यावी.

सासूबाईंना कॅन्सर आहे. मुलीच्या लग्नात अडचण येईल का, हा वंशात येतो का?

बहुतेक कॅन्सर वारशानं येत नाहीत. साधारण ५ ते १० टक्क्यांतच वारशाचा दोष सापडतो. घरात बहीण, आई, मावशी अशा अनेकींना कमी वयात स्तनाचा किंवा बीजांडाचा झाला असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. आजार लपवून ठेवल्यानं सोयरीक टिकते असं मला वाटत नाही. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारा.

शाळकरी मुलांना काय सांगायचं?

नाव सांगा. 'आईला कॅन्सर नावाचा आजार झालाय, औषधानं तिचे केस जातील, ती दमेल, हे तुझ्यामुळे झालेलं नाही.' शेवटचं वाक्य विसरू नका. मुलं मनात धरतात की आपण त्या दिवशी भांडलो म्हणून झालं. शाळेतल्या बाईंनाही कळवा.

सगळं मीच बघते. नवरा, सासू, दवाखाना, म्हैस. आता मलाच उठवत नाही.

हा प्रश्न बायका कधी थेट विचारत नाहीत. फोन ठेवता ठेवता, 'बरं मग,' म्हणून झाल्यावर बोलतात.

आपल्याकडे भेटायला येणारे फळं घेऊन येतात आणि चहा पिऊन जातात. त्यांना काम सांगायला शिका. 'काय मदत करू?' विचारलं की 'काही नको' म्हणू नका. बुधवारी दवाखान्यात बसशील का, म्हशीची धार आठवडाभर काढशील का, लेकराला शाळेतून आणशील का, असं वार आणि वेळ धरून मागा. पुण्याला, गोव्याला असलेला दीर पैसे पाठवत असेल तर त्याला महिन्यातून चार दिवस रजा काढून यायलाही सांगा. पैशानं रात्र जागून निघत नाही. स्वतःच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या चुकवू नका. मी स्वतः चार महिने गोळ्या चुकवल्या आणि आप्पांच्या शेजारच्या वॉर्डात दोन दिवस पडले.

राग येतो. रुग्णावरही येतो. औषध थुंकून टाकलं, पुन्हा तंबाखू मागितली, आणि तुम्ही ओरडलात, तर तुम्ही वाईट झाला नाहीत. थकलेल्या माणसाला राग येतोच.

मन मोकळं करायला कोणी आहे का?

टेलि-मानस, क्रमांक १४४१६. सरकारी, विनामूल्य, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. रुग्णासाठी आहे तसंच सांभाळणाऱ्यासाठीही. झोप उडाली, जेवण सुटलं, जगायला नको असं कोणी बोललं, तर वाट न बघता फोन करा आणि डॉक्टरांनाही सांगा. उदासीवर उपचार आहे. मुंबईला गेलात तर व्ही केअर फाउंडेशनचे लोक भेटतात, त्यांत स्वतः कॅन्सरमधून गेलेले स्वयंसेवक असतात. इकडे आपल्या भागात मला सगळ्यात उपयोगी पडला तो केमोच्या खोलीबाहेरचा बाक. तिथे शेजारी बसलेल्याचा नंबर घ्या. त्याच उपचारातून सहा महिने पुढे गेलेला माणूस जो धीर देतो तो दुसरं कोणी देऊ शकत नाही.

उपचार संपलेत, रिपोर्ट चांगले आहेत, तरी भीती जात नाही.

तपासणीच्या तारखा जवळ आल्या की पोटात गोळा येतो, हे सगळ्यांचं. तरी तारीख चुकवू नका, फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

डॉक्टर म्हणाले, 'आता घरी घेऊन जा.' म्हणजे काहीच करायचं नाही?

करायचं पुष्कळ असतं. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, वेदना आणि त्रास कमी करणारा उपचार. 'घरी न्या' म्हणाले तर तिथेच थांबून विचारा: दुखण्यासाठी काय, धाप लागली तर काय, रात्री कोणाला फोन करायचा. हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

कॅन्सरच्या दुखण्याला मॉर्फिनच्या गोळ्या चांगल्या लागू पडतात. 'व्यसन लागेल' म्हणून घरचेच देत नाहीत आणि माणूस भिंतीला डोकं आपटतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही. गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची, दुखणं वाढायची वाट बघायची नाही. बद्धकोष्ठता होते, त्याचं औषध सोबत मागून घ्या. ही गोळी सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही, परवानगी असलेल्या रुग्णालयातूनच मिळते. २०१४ मध्ये कायदा सोपा झाला, तरीही साठा संपायच्या आठवडाभर आधी जा.

आप्पांचे शेवटचे दीड महिने घरी गेले. एअर बेड आणला, दर दोन तासांनी कूस बदलली, ओठांना ओला कापूस लावला. त्यांना दारातून शेत दिसेल अशी खाट लावली. जेवण थांबलं तेव्हा आई जबरदस्तीनं भरवायची. नर्स म्हणाली, 'आक्का, शरीर आता मागत नाही, त्यांना त्रास होतोय.' ते ऐकायला कोणीतरी सांगणारं लागतं. खायला नको म्हणाले तर हात धरून बसा.

माणूस गेल्यावर या औषधांचं, सामानाचं काय करायचं?

उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून दवाखान्यात परत द्या, घरात ठेवू नका. केमोच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कोणाला देऊ नका, त्याही परत. मृत्यूचा दाखला आणि डिस्चार्ज कार्ड विम्याला, सोसायटीच्या कर्जाला लागतं. फाईल टाकू नका. मुलांच्या तपासणीच्या वेळी डॉक्टर विचारतात, वडिलांना कितव्या वर्षी, कुठला झाला होता.

खाट, व्हीलचेअर, एअर बेड, भरवायच्या मोठ्या सिरिंजचं न उघडलेलं पाकीट पुसून कोणाला तरी द्या. आमचा एअर बेड आधी संकेश्वरला गेला, मग बोरगावला. सध्या तो खानापुरात चौथ्या घरी आहे, आणि त्याच्या पंपाची वायर आप्पांच्या हातची निळ्या टेपनं गुंडाळलेली अजून तशीच आहे.